टनामागे पाच किलो

पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीवर १९२१ मध्ये १३,२०० कोटी गोल्ड मार्कांच्या नुकसानभरपाईचा बोजा पडला. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून नोबेल मिळवलेल्या फ्रिट्झ हाबर यांच्या मनात तेव्हा एक धाडसी हिशेब घोळू लागला. समुद्राच्या पाण्यात सोनं असतं, हे माहीत होतं. जुन्या मोजमापांनुसार टनभर पाण्यात ते काही मिलिग्रॅम भरत होतं. समुद्राला तर अंतच नाही, म्हणजे देशाचं कर्ज फेडायला हरकत नव्हती. हाबर यांनी जहाजांवर प्रयोगशाळा उभारल्या, अटलांटिक ओलांडला, पाण्याचे नमुने गोळा केले आणि काही वर्षांनी सगळं गुंडाळून ठेवलं. सोनं होतं, पण अपेक्षेच्या जेमतेम हजाराव्या भागाइतकं.

आजची मोजमापं त्याहून कंजूष आहेत. अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकमध्ये दहा कोटी टन पाण्यामागे सुमारे एक ग्रॅम सोनं येतं. कोयनेचा शिवसागर जलाशय काठोकाठ भरला की त्यात १०५ टीएमसी, म्हणजे जवळपास २९८ कोटी टन पाणी मावतं. तो सगळा समुद्राच्या पाण्याने भरला आणि थेंब न् थेंब गाळून काढला, तर हाती लागेल तीस ग्रॅम सोनं. अडीच तोळे!

हाबर यांचं गणित जिथे फसलं, तिथूनच खनिजांचं विज्ञान सुरू होतं. एखाद्या ठिकाणी धातू आहे का, हा प्रश्न भूशास्त्रज्ञ सहसा विचारत नाही. धातू बहुतेक सगळीकडे आहेत. कुठलाही एक घन किलोमीटर खडक घ्या. त्याचं वजन साधारण २७० कोटी टन भरेल. भूकवचातल्या सरासरीने त्यात ११ टन सोनं आणि १ लाख ६० हजार टन तांबं निघायला हवं. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टमध्ये तर तांबं सरासरीपेक्षा जास्तच आहे, टनामागे शंभर ग्रॅमच्या वर. तरी घाटमाथ्यावर तांब्याची खाण कुणी काढत नाही, कारण ते तांबं खडकाच्या कणाकणात विखुरलेलं आहे. ते सोडवायला जेवढी वीज लागेल, तिची किंमत तांब्याच्या कितीतरी पट होईल.

म्हणून खाणकामात खरा आकडा असतो तो पटीचा. भूकवचातल्या सरासरीच्या किती पट धातू एका जागी गोळा झाला, तर खणणं परवडतं? ॲल्युमिनियम भूकवचात आठ टक्के आहे. ते तिप्पट-चौपट झालं की बॉक्साइटची खाण निघते. लोखंड पाच टक्के आहे, उत्तम हेमॅटाइटमध्ये ते साठ टक्क्यांवर जातं, म्हणजे बारा पट. तांबं टनामागे अवघं ६० ग्रॅम असतं, ते पाच किलोपर्यंत पोचायला ऐंशी पटींहून जास्त गोळा व्हावं लागतं. सोनं टनामागे चार मिलिग्रॅम असतं, ते टनाला एक ते चार ग्रॅम व्हायला अडीचशे ते हजार पट लागते. एवढा ढीग माणसाने रचायचा म्हटलं तर कुठलाच धंदा टिकणार नाही. तो निसर्गाने आधीच, फुकटात रचून ठेवलेला असावा लागतो. निसर्गाने हे काम कुठे केलं आहे, ते ओळखणं हा खनिजशोधाचा सारा खटाटोप.

साठ घन किलोमीटरांचं कर्ज

हे काम निसर्ग गरम पाण्याकडून करून घेतो. जगातलं बहुतांश तांबं ज्या ‘पॉर्फिरी’ प्रकारच्या साठ्यांतून येतं, ते साठे ज्वालामुखींच्या पोटात तयार झाले. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याखाली नाझ्का नावाचा समुद्रतळाचा तुकडा सरकत जातो. त्याच्याबरोबर खाली गेलेल्या पाण्याने वरचा खडक वितळतो आणि शिलारस वर येऊ लागतो. जमिनीखाली काही किलोमीटरवर तो साचून थंडावतो, तसं त्यातलं पाणी बाहेर पडतं. ते शेकडो अंश सेल्सिअस तापलेलं, खारट, दाबाखाली कोंडलेलं असतं. त्यातला क्लोरीन तांब्याला धरून ठेवतो. पाणी वर येतं, खडक फोडतं, दाब उतरतो, तापमान घसरतं आणि तांबं गंधकाशी जुळून भेगाभेगांत बसतं.

आता हिशेब करा. एक कोटी टन तांब्याचा साठा बनायला किती शिलारस लागला असेल? टनामागे ६० ग्रॅम धरले आणि एक कणही वाया गेला नाही असं मानलं, तरी साठ घन किलोमीटरांहून जास्त. प्रत्यक्षात बरंच वाया जातं, त्यामुळे खरा आकडा कितीतरी मोठा. म्हणजे एका खाणीमागे एका अख्ख्या पर्वतरांगेचं तांबं पिळून काढलेलं असतं, आणि ते येऊन बसतं किलोमीटर-दोन किलोमीटर रुंदीच्या एका खांबात. त्यातही गोम अशी की हा खांब बहुतेक वेळा जमिनीच्या वर दिसत नाही.

अर्धा साठा कुठे गेला?

गरम पाणी जिथून जातं तिथे खुणा ठेवतं. मधला खडक पोटॅशियमने बदलतो, त्याभोवती अभ्रकाचं कडं बनतं, त्याच्याबाहेर चिकणमातीचं, आणि सगळ्यात बाहेर हिरवट खनिजांचं. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात सॅन मॅन्युएल नावाची तांब्याची खाण होती. डेव्हिड लोवेल या भूशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की तिथली कडी अर्धवटच आहेत, जणू कुणी साठा मधोमध कापून नेला. जमिनीतल्या एका मोठ्या भ्रंशाने ते केलं होतं. उरलेला अर्धा भाग भ्रंशावरून कुठे आणि किती घसरला असेल, याचा अंदाज बांधून लोवेल यांनी खोल ड्रिलिंग करून घेतलं आणि १९६५ मध्ये कॅलामाझू हा हरवलेला अर्धा साठा सापडला. १९७० मध्ये लोवेल आणि जॉन गिलबर्ट यांनी या कड्यांचं चित्र शास्त्रीय निबंधात मांडलं. तेव्हापासून ते जगभरच्या तांबेशोधकांचा नकाशाच बनलं.

लोवेल तेवढ्यावर थांबले नाहीत. चिलीच्या अटाकामा वाळवंटात, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरवर, त्यांचं पथक काम करत होतं. वरच्या खडकात तांबं जवळपास नव्हतंच. लाखो वर्षं झिरपलेल्या पाण्याने ते धुऊन खाली नेलं होतं. पण तांबं धुऊन गेल्यावर मागे लोखंडाचा जो गंज राहतो, त्याच्या रंगावरून आणि पोतावरून खाली काय बसलं असेल ते वाचता येतं. १९८१ मध्ये तिथे एस्कोंदिदाचा साठा सापडला. आज ही जगातली सगळ्यात जास्त तांबं देणारी खाण आहे. वर्षाला दहा लाख टनांहून अधिक तांबं, म्हणजे साऱ्या जगाच्या खाणींतल्या उत्पादनाचा सुमारे विसावा हिस्सा, तिथून येतो. दिवसाला तीन हजार टन पडलं. आपल्याकडची सगळ्यात मोठी तांब्याची खाण गोंदियाच्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंडला आहे. भारतातल्या सगळ्या खाणींतून अलीकडे वर्षाला पंचवीस ते तीस हजार टन तांबं निघतं. एस्कोंदिदा तेवढं आठ-दहा दिवसांत काढते.

जिथे वर कसलीच खूण नसते, तिथे काय करायचं? दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऑलिंपिक डॅमचा साठा तीनशेहून अधिक मीटर जाडीच्या, पूर्ण वांझ खडकाखाली गाडलेला होता. वेस्टर्न मायनिंग कंपनीच्या भूशास्त्रज्ञांनी उलट्या दिशेने विचार केला. जुन्या बेसाल्टमधलं तांबं धुऊन गेलेलं दिसतं, मग ते गेलं कुठे? त्याच्याबरोबर लोखंड साचलं असेल तर तिथला खडक जड आणि चुंबकीय असणार. म्हणून त्यांनी गुरुत्वाकर्षणाचे आणि चुंबकीय क्षेत्राचे नकाशे एकावर एक ठेवले आणि दोन्हीतले उंचवटे जिथे जवळ आले तिथे बोअर मारली. गुरुत्वाकर्षण मोजणारं चांगलं उपकरण दहा कोटींत एक इतका फरक पकडतं. जमिनीखालचा जड खडक वरच्या वस्तूला जी किंचित जास्त ओढ लावतो, ती या उपकरणाला जाणवते. १९७५ मधल्या पहिल्याच छिद्रात ३८ मीटर लांबीचा एक टक्का तांब्याचा पट्टा लागला. पुढच्या काही छिद्रांनी निराशा केली. दहाव्या छिद्राने मात्र १७० मीटरभर दोन टक्क्यांहून जास्त तांबं दाखवलं. आज तो जगातला सगळ्यात मोठा ज्ञात युरेनियमचा साठाही आहे. शोधायला गेले होते तांबं.

छप्पन्न लाखांत एक

साठा सापडला म्हणजे काम संपलं, असं बाहेरच्याला वाटतं. खरी छाती इथून पुढे धडधडते. ड्रिलिंगमधून निघणारी खडकाची कांडी, जिला कोअर म्हणतात, बऱ्याचदा पावणेपाच सेंटीमीटर जाड असते. एक किलोमीटर खोल छिद्रातून निघालेला सगळा कोअर पावणेदोन घनमीटर भरतो, वजन पाच टनांच्या आत. अशी छिद्रं शंभर-शंभर मीटरवर मारली, तर प्रत्येक छिद्राला एक कोटी घनमीटर खडकाची, म्हणजे दोन कोटी सत्तर लाख टनांची साक्ष द्यायची असते. छप्पन्न लाख भागांतला एक भाग हातात असतो, आणि उरलेल्या सगळ्यांबद्दल बोलायचं असतं. त्यावर हजारो कोटींचं कर्ज उभं राहतं.

हे बोलणं प्रामाणिक कसं करायचं, याचं शास्त्र दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत जन्मलं. डॅनी क्रिग या खाण अभियंत्याने १९५१ मध्ये दाखवून दिलं की नमुन्यांत जो ठोकळा फार श्रीमंत दिसतो, तो खणल्यावर तेवढा श्रीमंत निघत नाही, आणि गरीब दिसणारा थोडा बरा निघतो. नशिबाने एखादा सोन्याचा दाणा नमुन्यात आला की आकडा फुगतो. म्हणून प्रत्येक ठोकळ्याचा अंदाज शेजारच्या नमुन्यांकडे ओढून घ्यावा लागतो. किती ओढायचा, हे जवळचे नमुने एकमेकांसारखे किती अंतरापर्यंत राहतात त्यावर ठरतं. फ्रेंच गणितज्ञ जॉर्ज मातरों यांनी १९६० च्या दशकात याला पक्कं गणित दिलं आणि क्रिग यांचा मान राखून त्याला ‘क्रिगिंग’ म्हटलं. आज हवामानापासून जमिनीतल्या आर्सेनिकपर्यंत सगळीकडे ते वापरलं जातं.

गणित चोख असलं तरी नमुना खोटा असेल तर? ब्री-एक्स या कॅनडाच्या कंपनीने इंडोनेशियातल्या बुसांग इथे सात कोटी औंस, म्हणजे २,२०० टनांच्या आसपास सोनं असल्याचा गाजावाजा केला. शेअर बाजारात तिची किंमत ६०० कोटी कॅनेडियन डॉलरांवर गेली. १९९७ मध्ये दुसऱ्यांनी स्वतंत्र ड्रिलिंग केलं तेव्हा खडकात काहीच नव्हतं. कोअरच्या चुऱ्यात बाहेरचं सोनं मिसळलेलं होतं, आणि चुगली केली ती त्या दाण्यांच्या आकाराने. ते नदीत घासून गोल झालेले होते, खडकातून ताजे निघालेले नव्हते. या दणक्यानंतर कॅनडाने २००१ मध्ये नियम केला की साठ्याचा कुठलाही आकडा जाहीर करायचा तर त्याखाली जबाबदार तज्ज्ञाची सही हवी.

आपल्याकडे खोटेपणाची गरजही पडली नाही, नुसती घाई पुरली. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रमध्ये तीन हजार टनांहून जास्त सोनं सापडल्याच्या बातम्या झळकल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला, तो असा: ५२,८०६ टन दगड आणि टनामागे ३.०३ ग्रॅम सोनं. गुणाकार करून पाहा. एकशे साठ किलो. बातमी आणि वस्तुस्थिती यांत वीस हजार पटींचा फरक होता.

उरलेले १९९ भाग

१९०० च्या सुमारास अमेरिकेतल्या युटा राज्यात डॅनियल जॅकलिंग या तरुण अभियंत्याने म्हटलं, बिंगहॅम कॅन्यनमधला दोन टक्के तांब्याचा डोंगर आपण वरून उघडून खणू. टनामागे वीस किलो तांब्याचा दगड तेव्हा टाकाऊ समजला जायचा, त्यामुळे त्याची चेष्टा झाली. १९०६ पासून तिथे खुली खाण सुरू झाली आणि आज ती सव्वा किलोमीटरच्या आसपास खोल आणि चार किलोमीटर रुंद आहे. तिथून एक कोटी नव्वद लाख टनांहून जास्त तांबं निघालं. जगात आता टनामागे पाच किलोचा दगडही आनंदाने खणतात.

हे जमलं ते बुडबुड्यांमुळे. दगड दळून पिठासारखा करायचा, पाण्यात कालवायचा, त्यात तांब्याच्या कणांना पाण्यापासून फटकून राहायला लावणारं रसायन घालायचं आणि खालून हवा सोडायची. तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात, बाकीचं खाली बसतं. अर्ध्या टक्क्याचा दगड या एका टप्प्यात पंचवीस-तीस टक्क्यांवर जातो. निसर्गाने ऐंशी पट केली होती, बुडबुडे आणखी पन्नास पट करतात.

पण खाली बसलेल्याचं काय? दोनशे भागांतला एक भाग तांबं, उरलेले १९९ भाग राखायची जबाबदारी. जगभरात वर्षाला सव्वादोन कोटी टनांच्या आसपास तांबं खाणींतून निघतं. ढोबळ हिशेबाने त्यासाठी ४०० कोटी टनांहून जास्त धातुक दळावं लागतं, त्याच्यावरचा काढून टाकलेला दगड वेगळाच. पाण्याचा खर्चही याच मापाचा. एस्कोंदिदाने भूजल उपसणं थांबवलं आणि आता ती समुद्राचं पाणी गोडं करून वापरते. सेकंदाला २,५०० लिटर क्षमतेच्या प्रकल्पातून १८० किलोमीटर लांब आणि ३,२०० मीटर उंच पाणी चढवायचं. घर्षण, गळती काहीच न धरता नुसतं उचलायलाच ७८ मेगावॅट वीज अखंड लागते.

या अवाढव्य ढिगांशी वागताना मोजमाप म्हणजे जीव. बिंगहॅम कॅन्यनची एक भिंत सरकते आहे, हे रडारने काही आठवडे आधीच मिलिमीटरांत टिपलं होतं. १० एप्रिल २०१३ च्या रात्री दोन हप्त्यांत मिळून सुमारे साडेसहा कोटी घनमीटर खडक कोसळला, प्रत्येक वेळी दीडेक मिनिटात. त्यानंतर सोळा छोटे भूकंप नोंदले गेले. माणसं आधीच हलवली होती, एकालाही खरचटलं नाही. ब्राझीलमध्ये ब्रुमादिन्योला २५ जानेवारी २०१९ रोजी लोखंडाच्या खाणीचा गाळ अडवणारा बांध फुटला आणि कोटीभर घनमीटर चिखल सुटला. तो बिंगहॅमच्या कडेलोटाच्या सहाव्या हिश्शाइतका, पण २७० माणसं गेली. कामगारांचं जेवणघर बांधाच्या खालच्या अंगाला, चिखलाच्या थेट वाटेत होतं. पुढच्या वर्षी अशा बांधांसाठी जागतिक मानकं आली.

साठा वाढतो कसा?

आता सगळ्यात चक्रावणारा आकडा. १९७० मध्ये जगातला तांब्याचा खणण्याजोगा साठा २८ कोटी टन मानला जात होता. त्यानंतर त्याच्या दुपटीहून जास्त तांबं खणून झालं. आज साठा किती? सुमारे १०० कोटी टन! पृथ्वीने या पन्नास वर्षांत तांबं बनवलं नाही. नवे साठे सापडले, गरीब दगड परवडू लागले, ड्रिलिंगने आधीच्या अंदाजांना खात्री दिली. साठ्याचा आकडा जमिनीतल्या धातूपेक्षा आपल्या माहितीचं, तंत्राचं आणि बाजारभावाचं माप असतो. देशाचा असा हिशेब नागपुरात मुख्यालय असलेलं भारतीय खाण ब्यूरो १९४८ पासून ठेवत आलं आहे. त्यात ‘आहे असं वाटतं’ आणि ‘खणता येईल’ यांचे रकाने वेगळे असतात, आणि बातम्यांत नेमकी हीच सरमिसळ होते.

रकाना बदलायला विज्ञान पुरेसं असतं का? हिंदी महासागर याची परीक्षा घेतो आहे. २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने समुद्रतळावरून मँगनीजचे गोळे वर आणले. १९८७ मध्ये समुद्रतळाच्या शोधासाठी ‘अग्रणी गुंतवणूकदार’ म्हणून मान्यता मिळालेला भारत पहिला देश ठरला. आज मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र भारताकडे आहे, पाच किलोमीटर पाण्याखाली. तिथे ३८ कोटी टन गोळे असल्याचा अंदाज आहे, दर चौरस मीटरला पाच किलो. त्यांत ४७ लाख टन निकेल, ४३ लाख टन तांबं, साडेपाच लाख टन कोबाल्ट. तांबं एक टक्क्याहून जास्त, म्हणजे जमिनीवरच्या अनेक खाणींच्या दुप्पट, आणि वरून खडक काढायला नको.

फक्त हे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. मुठीएवढा गोळा व्हायला कोटभर वर्षं लागतात, आणि त्याच्या कठीण पृष्ठभागाला धरून जगणारे जीव आहेत. १९८९ मध्ये पेरूजवळच्या खोल समुद्रात शास्त्रज्ञांनी मुद्दाम तळ नांगरून पाहिला. २६ वर्षांनी परत गेले तेव्हा नांगराच्या चाकोऱ्या तशाच होत्या आणि तिथलं जीवन पूर्ववत झालं नव्हतं.

एका शतकात विज्ञानाने टनामागे वीस किलोवरून पाच किलोवर उतरायला शिकवलं, गाडलेले साठे बाहेरून ओळखायला शिकवलं. त्याच मोजपट्टीने ते आता असंही सांगतं की उचललेला गोळा परत यायला माणसाच्या सगळ्या लिखित इतिहासाच्या हजारपट काळ जाईल. ‘किती आहे’ हा आकडा छापताना ‘उरलेल्याचं काय करणार’ हा आकडाही शेजारी छापावा, एवढी शिस्त आपण धातूच्या प्रत्येक बातमीला लावली पाहिजे. ड्रिलिंगच्या परवानगीइतकीच ती मोलाची आहे.